पिवळी प्रत

मनातली भीती कागदावर उतरली की तिचा जोर ओसरतो, हे शास्त्राने सिद्ध केलं आहे. शास्त्राने खाली कार्बन पेपर ठेवून पाहिलेलं नसावं.

लिफ्ट तपासनीसाला आठ महिने धड झोप नव्हती. शेवटी बायकोने त्याला निद्रानाशाच्या ऑनलाइन उपचारवर्गात घातलं. तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: रोज संध्याकाळी पाच वाजता पंधरा मिनिटं काळज्या लिहून काढायच्या, आणि प्रत्येकीपुढे ‘वाईटात वाईट काय होईल’ तेही. फक्त लिहायचं. उठून काही करायला जायचं नाही.

त्या दिवशी पाच वाजता तो एका अकरा मजली इमारतीची लिफ्ट तपासून, अहवाल लिहून नुकताच टेकला होता. हाताशी तपासणीचं पॅडच होतं. त्याने लिहिलं:

‘ब्रेक तपासला का? आठवत नाही. वाईटात वाईट: लिफ्ट खाली येईल. एकदम.
दोर तुटला तर? वाईटात वाईट: नऊ माणसं. शिवाय माझा परवाना.’

वर जाऊन ब्रेक पाहून यावंसं वाटलं, पण गृहपाठ म्हणजे गृहपाठ; तो उठला नाही. सवयीने खाली सही मात्र ठोकली. वरचे पांढरे कागद खिशात घालून त्याने पॅड पहारेकऱ्याकडे दिलं. पॅडमधल्या पिवळ्या प्रती फाडून लिफ्टशेजारी चिकटवणं हे पहारेकऱ्याचं काम. त्याने दोन्ही चिकटवल्या. वाचणं त्याच्या कामात मोडत नव्हतं.

तासाभरात साहेबांचा फोन आला.

“नऊ माणसं? अहो, हा अहवाल आहे की धमकी? सोसायटीच्या सेक्रेटरीबाई फोनवर रडतायत! अकराव्या मजल्याचे लोक जिने चढून अर्धमेले झालेत!”

तपासनीसाच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं, तर आठ महिने न झोपलेल्या माणसाच्या हाती लिफ्ट कोण देणार?

“साहेब, ती... नवी पद्धत आहे. जरा कडक.”

“मग उद्या अकराला सगळ्यांसमोर पुन्हा तपासा. नाहीतर परवाना माझ्या टेबलावर ठेवा.”

“अहो, काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. गृहपाठ लोकांना आवडला.”

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर ही गर्दी. नवव्या मजल्यावरच्या आजींना दोन्ही मुलांनी खुर्चीतून उचलून खाली आणलं होतं.

“हाच का तो नऊ माणसंवाला?” आजींनी विचारलं. “अगदी पांढराफटक पडलाय की रे!”

जीव मुठीत धरून तपासनीस हत्यारांची पिशवी घेऊन आत शिरला. दार बंद झालं. लिफ्ट अकराव्या मजल्यावर जाऊन थांबली. ब्रेक तपासायला वरच्या यंत्रखोलीत जाण्याआधी तो मिनिटभर लिफ्टच्याच कोपऱ्यात टेकला. पंखा गुणगुणत होता. फोनला रेंज नव्हती. ‘लागली का झोप?’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

खाली पाऊण तास कुणी हललं नाही. शेवटी सेक्रेटरीबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. पिशवी उशाला घेऊन तपासनीस घोरत होता.

“अगं बाई!” आजी म्हणाल्या. “ज्याने लिहिलं तोच आत ढाराढूर झोपलाय! आणि आपण वेड्यासारखे जिने चढतोय!”

लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने तपासनीस दचकून जागा झाला. साहेबांनी त्याला हाताला धरून बाहेर ओढलं.

“कमाल केलीत! असा पुरावा आजवर कुणी दिला नाही. करा सही.”

“साहेब, एक मिनिट, मला जरा—”

“अहो, करा हो!”

त्याने सही केली. पहारेकऱ्याने नवी पिवळी प्रत चिकटवली. आजी, दोन्ही मुलं, सेक्रेटरीबाई आणि आणखी पाच जण हसतखिदळत आत शिरले. दार बंद झालं, आणि वरचे आकडे बदलू लागले. तीन. चार. पाच.

ब्रेक तपासायचा राहिला होता.