वझेकाकांचा कानतुटका कप

शारजात, अल मजाजला, आमच्या शेजारी वझेकाका राहतात. त्यांच्याकडे पाणी मागायची सोय नाही. मागितलंत, की आधी भाषण.

"हा पितळी पेला बापूसाहेबांच्या घरचा. आमच्या गावात सगळ्या जातींना एका पंगतीत बसवणारं पहिलं घर! यल्ला, इतिहास प्या!"

गावात अस्पृश्यता मोडायला निघालेली चार घरं होती. ती एकेक करून पडली, तशा त्यांतल्या वस्तू काकांच्या बॅगेतून इकडे आल्या. सगळ्यांना खुल्या केलेल्या विहिरीची कप्पी टीव्हीच्या वर लटकते. सहभोजनात आमटी वाढायचा डाव फ्रेममध्ये आहे. विमानतळावर त्या डावाची चौकशी झाली, तर काका म्हणाले, "रेव्होल्यूशन है, हबीबी!" मग काय, तासभर बसले तिथेच. प्रत्येक वस्तूखाली घराच्या नावाची चिठ्ठी. मुलगी कपाळाला हात लावते. "बाबा, इट्स अ पुली!"

स्वतः काका मात्र चहा पितात तो कान तुटलेल्या, टवके उडालेल्या कपातून. त्याला चिठ्ठी नाही. मी समजले, चिक्कूपणा.

यंदा त्यांच्या गणपतीला जेवणं झाल्यावर भांडी घासताना मी तो कप कचऱ्याच्या पिशवीत टाकला. परोपकार! पिशवी नातूर, म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, खाली घेऊन गेला.

"वृंदा, माझा कप?"

मी सांगितलं. काका सोवळं नेसलेले, अनवाणी, तसेच लिफ्टकडे धावले. मी मागे. तळघरातल्या कचराकुंडीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी चार पिशव्या उपसल्या. अंगभर वरण. अखेर कप निघाला, धड.

"कुणाच्या घरचा हा?" मी भीतभीत विचारलं.

"आमच्या. आमचं घर त्या चारांत नव्हतं." काका उपरण्याने कप पुसत राहिले. "मागच्या दारी कोनाड्यात असायचा. धोंडू लाकडं फोडायला यायचा, त्याच्यासाठी. चहा मी ओतायचो, वरून, न शिवता. आठ वर्षांचा होतो. कपाला कान नाही, त्याची बोटं भाजायची. आणि तो मलाच म्हणायचा, जपून बाळा, हात भाजंल."

वर आल्यावर काकांनी चहा टाकला. मी म्हटलं, "काका, आज मला या कपात द्या."

आल्या-गेल्याला इतिहास पाजणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच नकार दिला. कप स्वतःकडे ओढून म्हणाले, "नको गं. हात भाजेल."