वजीर फुकट कोण देतं?

दातांच्या डॉक्टरांना बुद्धिबळात हरवायचं आणि तिथल्या तिथे त्यांच्या मुलीला मागणी घालायची, असा माझा साधासोपा बेत होता. मुलगी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. वर्षभर आम्ही दुपारचा चहा एकत्र पितो. तीच एकदा म्हणाली होती, की बाबांना हरवणारा अजून जन्माला यायचाय. म्हटलं, जन्माला कशाला यायला हवा? मी लिहितो की! आणि खरोखरच बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहून काढला.

रविवारी लॅपटॉप काखोटीला मारून मी त्यांच्या घरी हजर. डॉक्टर पट मांडूनच बसले होते. दात उपटावा तसं त्यांनी प्यादं चिमटीत धरलं आणि पुढे ठेवलं. माझा प्रोग्राम विचारात पडला.

तो विचार कसा करतो ते सांगतो. आपण ही चाल केली तर ते काय करतील, मग आपण काय करू, मग ते काय करतील, असं पुढचं पुढचं बघत जायचं. जितकं खोल जाल तितकं उत्तम! फक्त प्रत्येक चालीला ढीगभर वाटा फुटतात, आणि माझा प्रोग्राम इतका सज्जन, की एकही वाट न सोडता प्रत्येकीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा.

डॉक्टरांनी पेपर वाचला. दाढी केली. लॅपटॉपचा पंखा असा घरघरू लागला, की मिक्सर कोणी लावला म्हणून काकू बघायला आल्या. चौथ्या चालीला डॉक्टर बसल्या जागी घोरू लागले. मुलगी माझ्याकडे बघून जे हसली, त्याने माझं डोकंच तापलं. डॉक्टरांना हलवून मी प्रोग्राममध्ये थोडा बदल करण्याची परवानगी मागितली. करा हवं ते, पण खेळा, असं म्हणून ते पुन्हा घोरू लागले.

मी छाटणी सुरू केली. जी चाल पाहताक्षणी मूर्खपणाची दिसते, तिच्या वाटेला जायचंच नाही! वाचलेला वेळ खोल जायला वापरायचा. समजा, डॉक्टर आपला वजीर प्याद्याच्या तोंडी देताहेत. ही वाट बघायचीच कशाला? वजीर फुकट कोण देतं? छाट!

आणि काय सांगू! डॉक्टरांचा हात पटावरून उठायच्या आत माझं उत्तर तयार! प्रोग्राम आता पूर्वीच्या दुप्पट खोल बघत होता. त्यांचा घोडा गेला, हत्ती गेला. डॉक्टर घाम पुसू लागले. मी सोफ्यावर मांडी ठोकली आणि आनंदाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "सास... सावकाश खेळा, काका!"

काकांनी सावकाश वजीर उचलला, तो बरोब्बर माझ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला आणि माझ्या राजाला शह दिला. प्याद्याने तो खाण्यावाचून इलाजच नव्हता. खाल्ला. पण त्यासाठी प्यादं जागचं हललं, वाट उघडली, आणि त्या वाटेने त्यांचा उंट आत आला. शह आणि मात!

डॉक्टर ताडकन उठून मला मिठीच मारू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी यंत्राला हरवलं होतं. म्हणाले, "आज काय हवं ते माग!"

मी तरी कशाला सोडतोय! सगळ्यांसमोर मुलीला मागणी घालून मोकळा झालो.

"माझी ना नाही," डॉक्टर म्हणाले. "तिला विचारलंस ना?"

डॉक्टर रागावले तर, काकू रडल्या तर, पगाराचा विषय निघाला तर, या सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. तिला विचारायचं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. ती आता हसत नव्हती.

"वर्षभर चहा पितोय आपण," ती म्हणाली. "मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

"आता विचारतो," मी चाचरत म्हणालो.

"मग मी विचार करते. एकही शक्यता न सोडता. अगदी खोलात जाऊन."

त्याला महिना झाला. डॉक्टर दर रविवारी पट घेऊन माझ्याकडे येतात. मी रोज चहाच्या वेळी तिला विचारतो आणि ती म्हणते, चाललंय अजून. जरा भरभर कर, असं म्हणायची माझी छाती होत नाही. घाईत छाटणी करायला बसली, तर पहिला मीच उडायचो!