गुंडाप्पा फिटर आणि साळूबाईंची गळती

भल्या सकाळी आमच्या गल्लीत एखादा माणूस रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून वाकलेला दिसला, तर नवख्याने घाबरू नये. ते गुंडाप्पामामा, नगरपालिकेचे फिटर. जमिनीखालच्या पाइपातली गळती ऐकतात. त्या वेळी जवळून कोणी चप्पल वाजवत गेलं की त्यांचा एक हात वर होतो. मग तहसीलदारांनीही जागच्या जागी थांबावं, अशी त्यांची अपेक्षा. एकदा तहसीलदार खरंच थांबले होते.

तो दुष्काळाचा काळ. आमचा तालुका नुकताच नव्या लातूर जिल्ह्यात आला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला, बाकी सगळा खडखडाट. नळ आठवड्याने येई. अशात रस्त्यावर ओल दिसली की मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "उद्या करू" म्हणायची सोय नव्हती. "पानी कुठं उद्यापर्यंत थांबून राहिलंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. माझ्या मेव्हणीच्या लग्नात ते पानातली जिलेबी तशीच टाकून उठले, कारण मांडवामागची माती त्यांना ओली दिसली. हातभर खणल्यावर कळलं की आचाऱ्याने तिथं कढई धुतली होती. मामा तितक्याच गंभीर चेहऱ्याने परत पंगतीत बसले.

तक्रार आल्याशिवाय रस्ता खणायचा नाही, असा नियम होता. मामांचं उलटं. आधी खणायचं, पाइपाच्या फटीत सूत ठासून, वर वितळलेलं शिसं ओतून जोड बंद करायचा आणि मग चिखलाच्या हातांनी माझ्याकडून तक्रार लिहून घ्यायची. मी कचेरीतला कारकून, अक्षर बरं. त्या उन्हाळ्यात गावातला सर्वांत तक्रारखोर माणूस म्हणून माझं नाव झालं.

गल्लीच्या टोकाला साळूबाई राहायच्या. म्हाताऱ्या, एकट्या. घरात नळ नाही, आड आटलेला. दारासमोरचा पाइप झिरपायचा, ती जागा त्यांनी फरशीने झाकून ठेवली होती. गावात रोज कुठल्या तरी गल्लीची पाळी असे, त्यामुळे खाली वाटी लावून त्या रोज दोन घागरी भरत. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, मलाही; मामांना मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तेवढी एक तक्रार मी कधी लिहिली नव्हती. पण शेजारूनच गटार वाहायचं. पाइप रिकामा झाला की घाण त्याच भोकातून आत शिरे आणि पुढच्या पाळीला घरोघर पोचे. दोन घरांतली पोरं जुलाबाने आडवी झाली, तेव्हा मामा सळई घेऊन आले.

साळूबाई फरशीवर ठाण मांडून बसल्या. माझं पाणी तोडलंस तर तुझं वाटोळं होईल, असं त्यांनी बजावलं. मला वाईट वाटलं. आजचा दिवस राहू द्या, असं मी मामांना सुचवलंही.

"मावशे, तू पिऊन राहिलीस ते बी गटारच हाय," मामा म्हणाले. "ऊठ."

त्यांनी म्हातारीला हात धरून उठवलं आणि दिवस मावळायच्या आत जोड बंद केला. तोवर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता. या वेळची तक्रार त्यांनी स्वतःच्या नावाने लिहायला सांगितली. म्हातारीच्या शिव्या तुमच्या वाट्याला नकोत, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी मामा दोन घागरी घेऊन साळूबाईंच्या दारात उभे. पाणी घरच्या साठवणीतलं. म्हातारी पाणी ओतून घ्यायची आणि शिव्या चालूच ठेवायची. महिनाभर मी हे पाहिलं. शेवटी राहवेना. म्हटलं, मामा, मी पोचवतो पाणी, तुम्ही कशाला रोज ऐकून घेता?

त्यांनी घागरी खाली ठेवल्या.

"न्हाई साहेब. मंडळी जाऊन दोन वर्सं झाली. लेकी बिदरकडं दिल्या. आता घरात मला अरे म्हननारं कोन हाय? ही रोज इचारते, गुंड्या, उशीर का केलास."

एवढं बोलून त्यांनी घागरी उचलल्या आणि ते भराभर चालू लागले. माझ्यामुळे त्यांना उशीर झाला होता.