चार कप आणि एक नाक

बाबांच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. मी ती एका सकाळीत उरकली. आणि हे सगळं कशापायी, तर आईनं कॉफी जरा कमी आणि जरा बरी प्यावी असं मला वाटलं म्हणून.

मी सुधारणेच्या बाजूचा माणूस आहे. कॉलेजात असताना कँटीनमधले प्लॅस्टिकचे चमचे मी बंद करवले (पुढचे सहा महिने सगळे पेनाच्या टोपणानं साखर ढवळत होते, पण तत्त्व टिकलं). आमच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावी म्हणजे सगळ्यांना व्यायाम होईल, हा ठरावही माझाच. तो लागू झाला त्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी मला जिन्यात गाठून जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. (गाठून म्हणजे, मीच त्यांच्यासाठी थांबलो होतो. त्यांना दम लागला होता.) सध्या मी एका ग्रंथालयात हंगामी कारकून आहे. तिथे सुधारण्यासारखं बरंच आहे, पण तिथले लोक मला शांत बसायला सांगतात आणि ग्रंथालय असल्यामुळे मला ते ऐकावं लागतं. त्यामुळे माझा सगळा उत्साह घरी निघतो.

बाबा कॉफीच्या कंपनीत चव घेण्याच्या कामावर होते. एकतीस वर्षं. नवा माल आला की त्याचा नमुना भाजायचा, दळायचा, पाण्यात भिजवून आधी वास घ्यायचा, मग चमच्यानं मोठा भुरका मारायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कागदावर दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळींवर पोत्यांचा ट्रक आत यायचा किंवा आला तसा परत जायचा. कंपनीत त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. साहेबसुद्धा. कारण साहेब त्यांच्याच हाताखाली भुरका मारायला शिकलेले.

दोन वर्षांपासून बाबा नमुन्यांची पाकिटं घरी आणू लागले होते. संध्याकाळी ते आणि आई स्वयंपाकघराचं दार लोटून बसत. आतून भुरके ऐकू येत. मग आईचा आवाज, “ही भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.” मग बाबांचा, “म्हणजे गोदामात ओल धरलीय. पुढची घे.” लग्नाला तीस वर्षं झाली की माणसं असंच काहीतरी बोलत असतील, असं समजून मी लक्ष दिलं नव्हतं. पण एके दिवशी मी बेसिनमधले कप मोजले.

“आई, तू दिवसाला आठ कप कॉफी पितेस!”

“पीत नाही रे. थुंकते.”

“हे तर आणखी वाईट.”

“त्याला काय कळतंय,” धाकटी बहीण म्हणाली, “सोड ना, आई.”

मी सोडलं नाही. आईला रात्री झोप लागत नव्हती, हे मला माहीत होतं. मी वाचन केलं. (ग्रंथालयात पुस्तकं फुकट असतात.) आणि आठ दिवसांत घरगुती निरोगी कॉफी तयार केली. बी ताजं दळायचं, कागदी गाळणीतून संथपणे गाळायचं, साखर नाही, दूध नाही, वर चिमूटभर दालचिनी. दिवसाला एकच कप, तोही दुपारच्या आत. नियम कडक ठेवले आणि बाबांची पाकिटं माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“पाकिटं दे. मंगळवारी रिपोर्ट द्यायचाय.”

“तुम्हाला हवी तर ऑफिसात न्या. घरी नाही. तिला झोप लागत नाही, बाबा.”

“मलाही लागत नाही.”

“मग तुम्हीही कमी करा! आणि चव घ्यायला आई कशाला लागते? एकतीस वर्षं तुम्ही एकटे घेताय ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग “हो” म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. मला वाटलं, पटलं.

मंगळवारी रिपोर्ट गेला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मला एक कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यात ‘मला एक कल्पना सुचली’ या वाक्यानंतर काही चांगलं घडल्याचं स्मरत नाही. पण सुचते त्या वेळी ती चांगलीच वाटते.) माझी निरोगी कॉफी एका घरापुरती का ठेवायची? कंपनीनंच ती बाजारात आणावी! आणि तिची परीक्षा कोणी घ्यायची, तर खुद्द बाबांनी, साहेबांच्या समोर, कप कुठला ते न सांगता. बापानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला असं कोणी म्हणायला नको. मी परस्पर साहेबांना फोन केला.

“येतो,” साहेब म्हणाले. “तसंही सरांना भेटायचंच होतं. त्यांचा रिपोर्ट कधी चुकत नाही. बरे आहेत ना?”

“एकदम ठणठणीत,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी साहेब येणार म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. आईनं मला कोपऱ्यात घेतलं.

“हे रद्द कर.”

“का?”

“मी सांगतेय म्हणून.”

“आई, हे काय कारण झालं? तू कारण दे, मी विचार करतो.”

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. नाही अशी. आईनं कारण दिलं नाही.

“ठीक आहे,” ती म्हणाली, “पण मी त्यांच्या शेजारी बसणार.”

“अजिबात नाही. तू साक्षीदार म्हणून बाद आहेस. तू खुणा करशील.”

तिला मी आतल्या खोलीत बसवलं आणि दारावर कागद चिकटवला: ‘परीक्षा सुरू आहे. शांतता राखा.’

तयारी मात्र चोख होती. स्वयंपाकघर मी व्हिनेगरनं पुसून काढलं होतं, कारण बाजारातल्या फिनाइलमध्ये काय काय असतं ते मी वाचलंय. आमच्या किटलीत क्षार साचले होते म्हणून तिच्यातही रात्रीच व्हिनेगर आणि पाणी भरून ठेवलं होतं. शेजाऱ्यांची किटली मागून आणली. तिच्या पाण्यात तीन कप केले: एक कपाटातल्या पाकिटातला, एक दुकानातल्या डब्यातला, एक घरातला रोजचा. चौथा माझा, निरोगी. त्यासाठी आपली स्वतःची किटली वापरावी असं मला वाटलं. भरलेली होतीच.

धाकटीनं कपांच्या बुडाला आकडे लिहिले. “दादा, कसला वास येतोय रे?”

“स्वच्छतेचा.”

साहेब आले ते दारातच नाक मुरडून. “बापरे! व्हिनेगर सांडलं का कुठे?”

“कुठे?” बाबा म्हणाले.

साहेब हसले. “सर, तुम्ही असं विचारताय? सेंट लावून आलेल्या माणसाला तुम्ही खोलीतून हाकलायचात. मलाच हाकललं होतंत, आठवतंय?”

“घरात काय,” बाबा म्हणाले, “चालतं.” आणि रुमालानं कपाळ पुसलं.

परीक्षा सुरू झाली. बाबांनी पहिल्या कपाचा भुरका मारला. “बरी आहे. कडवट.” दुसरा. “हीही बरी. जास्त कडवट.” तिसरा. “मधली.” माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मला वाटतं त्यांचाही. पण दोघांचे जीव वेगवेगळ्या ठिकाणी टांगलेले होते, हे तेव्हा मला कळलं नाही. चौथा भुरका मारला आणि ते थांबले. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हाती लागल्यासारखं दिसलं.

“ही! हिला आंबटपणा आहे. स्वच्छ, लख्ख. चारांत ही सरस.”

मी बूड उलटं करून पाहिलं. चार! माझी! मी उडी मारायचाच बाकी होतो.

साहेबांनी तो कप घेतला. एक घोट. त्यांचा सगळा चेहरा नाकाभोवती गोळा झाला. (प्रगतीचे शत्रू असेच दिसतात, असं माझ्या मनात आलंसुद्धा.) त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

“सर, ही परत घ्याल?”

बाबांनी परत घेतली. “हो. लख्ख.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “अरे, ती किटली विसळलीस का? रात्री व्हिनेगर घातलं होतंस तीत!”

“आई, शांतता!” मी ओरडलो. “निकाल लागलाय!”

तो लागलाच होता. साहेबांच्या तोंडावर लागला होता.

“कधीपासून, सर?” साहेबांनी विचारलं.

बाबांनी कप खाली ठेवला. “दोन वर्षं झाली. मला तो ताप आला होता ना. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. आंबट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी काही नाही.”

“मग रिपोर्ट?”

धाकटीनं माझ्याकडे न बघता दारावरचा कागद फाडला आणि आईला बाहेर आणलं.

साहेबांनी चारही कप तिच्यापुढे सरकवले. आई उभ्याउभ्याच एकेक चमचा घेत गेली. “ही दुकानातली, डबा उघडून महिना झालेली. ही रोजची. ही त्या पाकिटातली, भाजताना घाई झालीय, बाहेरून काळी, आतून कच्ची. आणि ही...” ती बेसिनकडे धावली. चूळ भरून परत आली. “आधी यांना पाणी द्या. दोनदा प्यायलेत ते.”

“वहिनी,” साहेब म्हणाले, “दोन वर्षांत एक रिपोर्ट चुकला नाही हो.”

“चव माझी होती. शब्द यांचे. मला नुसतं पुठ्ठा, ओलं लाकूड, जळका दोरा असलंच सुचतं. ते त्याचं नीट करून लिहायचे.”

साहेबांनी मान खाली घातली. “मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. आता कळल्यावर मी सरांना त्या खुर्चीवर ठेवू शकत नाही.” निघताना त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. ते माझ्याशी काहीही बोलले नाहीत. शिकलेली माणसं शिव्या देत नाहीत, हे वाईट आहे. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी परत आलो तर तिघं टेबलाशी बसले होते. मी गप्प बसायला हवं होतं.

“पण बाबा, हे चूकच होतं ना? लोकांना फसवणं...”

“कोणाला फसवलं? रिपोर्ट खरे होते.”

“सही तुमची होती.”

बाबांनी विचार केला. “हो,” ते म्हणाले. “सही माझी होती.”

मी आयुष्यात बरेच वाद घातलेत. स्पष्टपणे जिंकलेला हा पहिलाच. जिंकल्यावर करायचं काय असतं ते मला कळेना, म्हणून मी कप विसळायला घेतले.

“मला एकट्यालाच का नाही सांगितलंत?” मी बेसिनकडे तोंड करून विचारलं.

“तू निवेदन काढलं असतंस,” धाकटी म्हणाली. “बाबांच्या नाकासाठी सह्या गोळा करत फिरला असतास.”

हा आरोप अन्यायाचा आहे. (फार तर इमारतीपुरत्या केल्या असत्या.)

महिनाभरानं साहेबांचा फोन आला. त्या खुर्चीसाठी त्यांना माणूस हवं होतं आणि त्यांनी आईला विचारलं. आईनं दोनदा नाही म्हटलं. “यांच्या जागेवर मी बसू?” तिसऱ्यांदा बाबांनीच तिच्या हातून फोन घेतला आणि “सोमवारपासून येईल” म्हणाले. सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा बाबा बाल्कनीत होते. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ते उभे राहिले. वळल्यावरही उभेच होते. मी मागून म्हणालो, “बाबा, आत या.” ते म्हणाले, “येतो.” आले तासाभरानं.

आता संध्याकाळी आई दमून येते आणि टेबलाशी बसून दिवसभराच्या कॉफ्या सांगते. “एक होती, काय सांगू, पहिल्यांदा कपाट उघडल्यासारखी.” बाबा डोळे मिटून ऐकतात. मग म्हणतात, “नवं लाकूड, कोरडं. तसं लिही.” आई लिहून घेते. तेवढी पंधरा मिनिटं ते बरे असतात.

दिवसभर मात्र घरात ते एकटे. म्हणून मी ग्रंथालयात जाण्याआधी त्यांना माझी निरोगी कॉफी करून देतो. (किटली तीनदा विसळून.) घरात ती पिणारे ते एकटेच उरलेत. आई घोटभर घेते आणि बेसिनकडे जाते. कामाची सवय लागलीय म्हणते. धाकटी कपाला हात लावत नाही. बाबा पूर्ण कप संपवतात आणि रोज “छान” म्हणतात.

परवा मला राहवलं नाही. “बाबा, उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नका. तुम्हाला वास येत नाही. मग ही छान कशी?”

“खरं सांगू?”

“सांगा. मला खरंच हवंय.”

“नाक गेल्यापासून मी रोज विचार करतोय, यात आपला फायदा काय झाला,” बाबा म्हणाले आणि रिकामा कप माझ्या हातात दिला. “तुझी कॉफी प्यायला लागल्यापासून कळतंय.”