मामाचा गडवा

सन दोन हजार बावीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझं पहिलं पुस्तक छापून आलं होतं. विनोदी. चौथी पास माणसाचं. शुद्धलेखन सुधारून देतो म्हणून गावातले मास्तर मागे लागले. मी एका काना-मात्रेला हात लावू दिला नाही. त्या पुस्तकात सगळ्यात जास्त हशा मिळवला तो माझ्या शेजाऱ्यानं, डोमानं.

डोमा मासोळ्या धरतो आणि तलावाला मामा म्हणतो. जाळं टाकायच्या आधी चपला काढून विचारतो, "मामा, येऊ का?" मासोळी लागली नाही, तर "आज मामा रागात हाय" म्हणून मुकाट घरी. तलावात कोणी थुंकलं की काठी घेऊन धावतो, "माह्या मामावर थुकतं काऊन बे?"

याचं मूळ एका सरकारी पाटीत. आमचा तलाव मालगुजाराच्या काळातला, म्हणून पाटीवर 'मा. मा. तलाव'. माजी मालगुजारी. मी त्याला कितीदा समजावलं. तो म्हणे, "सरकार लिवून राह्यलं मामा, तुमी सांगून राह्यले मालगुजार. कोनाचं आयकू?"

चिमूरला मी हे वाचून दाखवलं तेव्हा लोक पोट धरून हसले. एक जण ओरडला, "अन् मामी कुठी हाय?" मी म्हणालो, "विहिरीत पाहा!" पुन्हा हशा. वाचक हसला म्हणजे आपण त्याच्या घरात शिरलो, असा माझा पक्का समज होता.

डोमाच्या घरात काय शिरलं, ते त्याच्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी समजलं. मांडवात गेलो तर बापलेकीच्या मध्ये पितळेचा गडवा, पाण्याचा तांब्या, आणि सुरेखाच्या डोळ्यांत पाणी.

"बाबा, गडवा नको ठेवू ना. तिकडे सासरी सगळ्यायनं पुस्तक वाचलं. हासतीन."

"कायचा गडवा?" मी विचारलं.

डोमानं खाली पाहत सांगितलं. त्याच्या आईला भाऊ नव्हता. लग्नात नवरदेवाच्या अन् नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. तेव्हा डोमाच्या लग्नात आईनं तलावाचं पाणी गडव्यात भरलं आणि त्याच्या पाठीशी ठेवलं: हाच तुझा मामा. सुरेखाच्या आईलाही भाऊ नाही.

"मंग ते पाटीवरचं मालगुजारी?" मी विचारलं.

"मले ठाव होतं ना भाऊ, पयलेपासून. पन मालगुजार काय लग्नात उभा राह्यते?" तो हसला. "पुस्तक बेस लिवलं तुमी. पोरगी लाजून राह्यली, म्हनून उद्या बिनमामाचंच लावतो."

तो रागावला असता तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. मास्तरांना मात्रा बदलू न देणारा मी, तेव्हा अख्खं पान फाडून द्यायला तयार होतो. पण पान फाडून लोकांच्या तोंडातलं हसू कसं फाडणार?

"सुरेखा," मी म्हणालो, "गडवा मी धरतो. हासले तर मले हासतीन."

तिनं गडवा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "पानी तुमीच आना आबाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो, चपला काढल्या आणि विचारलं, "येऊ का?" मग गडवा भरला.