ढोबळेभाऊंच्या अकरा आया

आमच्या ढोबळेभाऊंनी एका वरातीत नवरदेवाच्या घोड्याचं लायसन्स मागितलं होतं. मी स्वतः तिथे होतो. नवरदेव हसला, पण घोडा मात्र मान खाली घालून उभा राहिला.

भिलाईतल्या एका सरकारी दवाखान्यात ढोबळेभाऊ एक्स-रे काढतात आणि शेजारच्या खोलीत मी बाबूगिरी करतो. किरणांपासून सगळ्यांना जपायची जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर. "टाइम, डिस्टन्स, आडोसा!" हा त्यांचा मंत्र. म्हणजे किरणांजवळ कमी थांबा, लांब उभे राहा, मध्ये काहीतरी आड घ्या. पण हा मंत्र दवाखान्यात ठेवून घरी गेले तर ते ढोबळेभाऊ कसले! रिसालीत त्यांचा शेजारी विम्याची पॉलिसी घेऊन आला, की भाऊ त्याच्याशी गच्चीवरून, पत्र्याआडून, घड्याळ लावून दोन मिनिटं बोलतात.

एकटेच राहतात. एकदा मी विचारलं, "भाऊ, लगन कावून नाही केलं?"

"टाइम गेला, डिस्टन्स वाढलं. आता आडोसा कोनापासून घेऊ बे?" म्हणाले आणि डबा उघडून बसले.

एकदा एक्स-रेच्या दारावरचा, 'आत येऊ नका' सांगणारा लाल दिवा गेला, आणि तो लागल्याशिवाय भाऊ एक्स-रे काढेनात. नेमके त्याच वेळी मोठ्या साहेबांचे सासरे पाय मोडून बाकावर बसलेले. त्यांच्या बोंबा सेक्टर सहापर्यंत ऐकू जात होत्या. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण भाऊंनी मला स्कूटरवर तिथेच लाल बल्ब आणायला पिटाळलं होतं. मोठे साहेब लालबुंद होऊन आले. भाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, दिव्याच्या जागी तुमाले उभं करता आलं असतं, पन नियमात बसत नाही."

असा हा माणूस. त्यामुळे परवान्याच्या नूतनीकरणासाठी पाहणीचे साहेब यायचे ठरले तेव्हा आम्ही सगळे निर्धास्त होतो. परवाना गेला तर खोलीला कुलूप, आणि रुआबांध्याच्या एखाद्या म्हातारीला मोडका हात सांभाळत दुर्गची वाट धरावी लागणार. पण ढोबळेभाऊ असताना परवाना जातो कसा?

साहेबांनी भिंतींची जाडी पाहिली, दिवा पाहिला, शिशाचे एप्रन उजेडात धरून पाहिले. भिंतीवरची पालसुद्धा मशीनपासून नियमाचं अंतर राखून बसली होती. मग त्यांनी एक वही मागितली.

ही वही म्हणजे पेशंटला धरणाऱ्यांची. पेशंट हलत असेल तर त्याला नातेवाईकाने एप्रन घालून धरायचं. एक्स-रेवाल्याने नाही, कारण त्याला रोजचेच किरण. धरणाऱ्याचं नाव आणि नातं वहीत लिहायचं.

साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. "ढोबळेजी, ये माताजी आपकी हैं?"

"हाँ साहब."

पान उलटलं. "और ये?"

"वो भी."

साहेबांनी शेवटपर्यंत मोजलं. "ग्यारह माताजी? और तीन मामी?"

दुसरे टेक्निशियन वर्माजी छताकडे बघू लागले. अशा वेळी मशीनचं बटण तेच दाबत.

भाऊ सावधानमध्ये उभे. "साहब, इनके साथ कोई नहीं आया था. हाथ काँपते थे. और नाते का कॉलम खाली छोड़ना नियम में नहीं बैठता."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शेरा लिहिला: ढोबळे यांनी यापुढे कोणालाही धरू नये, एकट्या पेशंटसाठी दुसरा माणूस ठेवावा, या अटीवर नूतनीकरण. मान वर केली तर समोर मी. "आप क्या करते हैं?"

"बाबू हूँ, साहब."

"बहुत अच्छा."

परवाना वाचला, धरणारा म्हणून मी अडकलो. आठ दिवस भाऊ माझ्याशी धड बोलले नाहीत. जणू त्यांच्या अकराही आया मीच पळवल्या होत्या.

गेल्या महिन्यात रुआबांध्याच्या वळणावर त्यांची स्कूटर घसरली. उजवा खांदा निखळला. टेबलावर झोपवलं तर अंग थरथरून राहिलं होतं, तरी वर्माजींवर ओरडत होते, "रुको! पहले पकड़नेवाला लाओ!" आणि मग एकदम हळू, "माझं कोनी नाही येनार, बाबू."

मी एप्रन चढवला आणि त्यांना धरलं. हा एवढा गरजणारा माणूस हाताला अगदी हलका लागला.

फिल्म निघाली. भाऊंनी झोपल्या झोपल्याच वही मागितली. मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरून माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात लिहू लागलो.

"काय लिहून राहिला बे?"

"लहान भाऊ."

आता खोट्या नोंदीवर भाषण होणार म्हणून मी तयारच होतो. भाऊंनी डाव्या हाताने वही जवळ ओढली.

"अक्षर नीट काढ," म्हणाले. "वाचता आलं पायजे."