खंडोबाच्या दारी ट्रॉयचा घोडा

"मास्तर, एवढं येडं गाव असतंय व्हय कुठं?" बुद्धभूषणनं लाकडी तलवार काखेत मारली आणि तालीम थांबवली. "दुश्मन दहा वर्सं दारात बसला, एक दिवस उठून गायब झाला, मागं एक घोडा ठेवून गेला. आन् हे लोक तो घोडा वाजतगाजत गावात घेऊन येतेत? आपल्या गावात धूरफवारणीवाला आला तरी दोनदा इचारतेत, बाबा तू कोण?"

भागवत मास्तरांनी कपाळाला हात लावला. हा प्रश्न त्या आठवड्यात चौथ्यांदा आला होता. ही गोष्ट त्यांनीही फक्त पुस्तकात वाचली होती. ट्रॉय नावाचं भक्कम शहर, बाहेर ग्रीकांची फौज, आणि दोन्हीकडून लढणारे देव. तिथले देवसुद्धा माणसं वाटून घेतात, एक या बाजूला तर दुसरा त्या बाजूला, असं मास्तरांनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं, तेव्हा सोनाजी सुतार म्हणाला होता, "म्हंजे आपल्या ग्रामपंचायतीवानीच की."

पुसेगावच्या अलीकडचं हे गाव दरवर्षी चंपाषष्ठीला खंडोबाच्या जत्रेत नाटक करायचं. जिल्ह्याच्या नाट्यस्पर्धेचे परीक्षक हिंगोलीहून गावोगाव फिरून नाटकं बघायचे आणि फिरती ढाल दरवर्षी फिरत फिरत कळमनुरीकडच्या एका मंडळाकडेच जायची. मास्तर एकवीस वर्षं नाटक बसवत होते. एकवीस वर्षांत ढालीला त्यांनी एकदाच हात लावला होता, तोही दुसऱ्यांचा सत्कार चालू असताना, कुणाचं लक्ष नाही बघून. सगळे शिवकाल आणि महाभारत करतात, परीक्षकांना ते तोंडपाठ असतं आणि जरा चुकलं की मार्क कापतात. म्हणून मास्तरांनी यंदा ग्रीक निवडलं. चुकलं तरी कळणार कुणाला?

त्यात मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव यांनी भर सभेत सांगून टाकलं होतं, "मास्तर, हे शेवटचं. औंदा ढाल आली तर आली. न्हाई तर पुढच्या चंपाषष्ठीला नांदेडहून ऑर्केस्ट्रा."

ऑर्केस्ट्रा हा शब्द कानावर आला की मास्तर विषय बदलायचे. त्यांना ना शेतीत रस, ना राजकारणात. आयुष्यात आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे हे एकच नाटक होतं.

"लोकायला पटलं पाहिजे बुद्धभूषण, बस्स," ते म्हणाले. "घोडा पाहून लोकायला वाटलं पाहिजे की आपण असतो तरी आत घेतला असता."

"कोन्ही घेत न्हाई मास्तर," बुद्धभूषण म्हणाला. तो पोस्टात होता आणि लोकांना बरोबर ओळखून होता.

तेवढ्यात चहा आला. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाई तालमीला रोज चहा आणायच्या आणि कप रिकामे होईपर्यंत दाराशी बसून ऐकायच्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या देवीचं काम कोन करून राहिलं?"

"कोणत्या?"

"तीच की, डोकंवाली. घोड्याची युक्ती सुचवती ती."

"अथीना! ते काम काढलं बाई. बाईमाणूस कुठून आणायचं?"

"मला द्या की मंग."

सगळी फौज खो खो हसली. मास्तरांनाही हसू आवरलं नाही. "अहो, ती युद्धाची देवी. तरणीताठी, हातात भाला."

"वीस वर्सं झाले, तीनशे लेकरायच्या खिचडीत उलथनं फिरवून राहिले. भाला काय त्याहून जड हाय?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी कप गोळा केले आणि निघून गेल्या.

घोडा सोनाजीच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं बांधायच्या जागी, गुपचूप तयार झाला. पंधरा फूट उंच, पोटात पाच माणसं बसतील एवढी जागा, खाली कडीचा दरवाजा आणि श्वास घ्यायला उघडं तोंड. सोनाजीला तपकिरी रंग हवा होता. पण शाळेच्या भिंतींचा पांढरा रंग दोन डबे उरला होता, तोच मास्तरांनी आणून दिला. घोडा पांढराशुभ्र झाला. चंपाषष्ठीला खंडोबाच्या गावात पांढरा घोडा म्हणजे काय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मास्तर नाटकातल्या हेलन राणीच्या काळजीत होते, सोनाजी खिळ्यांच्या.

नाटक सहाला होतं. कुणाला दिसू नये म्हणून चार वाजताच बुद्धभूषण, सोनाजी, जळबा आणि मंडळाचे आणखी दोघे नट पोटात बसले, कडी लागली, आणि ट्रॅक्टरवाल्या भावसिंगनं ट्रॉलीवर घोडा बांधून मागच्या पाणंदीनं निघायचं ठरलं. पण पाणंदीत उसाची गाडी फसलेली. "मास्तर, गावातून घेतो. पाच मिनिटाचं काम," भावसिंग म्हणाला.

मारुतीच्या पारापाशी खंडोबाची पालखी समोरून आली. ढोल, हलगी, भंडाऱ्याचा पिवळा धुरळा आणि सगळ्यांच्या पुढे भंडाऱ्याची परात घेतलेल्या मनकर्णाबाई. घोडा पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. मागची पालखी थांबली. हलगी थांबली.

"अगं माय!" मनकर्णाबाईंनी दोन्ही हात जोडले. "देवाचा घोडा आला!"

आणि त्यांनी मूठभर भंडारा घोड्याच्या अंगावर उधळला. "येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" अख्खा गाव ओरडला.

मास्तर ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून उडी मारून खाली आले. "अहो, थांबा! हा ट्रॉयचा घोडा हाय!"

"कुण्या गावचा का असंना," एक म्हातारा म्हणाला, "आज आपल्या गावी आला ना?"

दोन मिनिटांत घोडा माणसांत बुडून गेला. बायका टाचा उंचावून त्याचे पाय धुऊ लागल्या. खुरावर नारळ फुटला. मास्तरांच्या खिशातला फोन वाजला. फोन घोड्याच्या पोटातून होता.

"मास्तर, बाहेर काय चालू हाय?" बुद्धभूषण कुजबुजला. "वरून पिवळं पिवळं पडून राहिलं. सोनाजी शिंका दाबून दाबून निळा झाला. दरवाजा उघडू का?"

"उघडू नको! आत्ता खाली आलात तर लोक हाणतील. आन् परीक्षक येऊन बसले असतील तर नाटक इथंच संपलं. दम धरा."

"दम धरायला हवा कुठं हाय?"

तिकडे मनकर्णाबाई ट्रॉलीवर शिडी लावून घोड्याच्या तोंडापाशी चढल्या होत्या. वांग्याचं भरीत आणि रोडगा हा देवाचा नैवेद्य, तो त्यांनी घोड्याच्या उघड्या तोंडात ठेवला. आत पाच माणसं दुपारपासून उपाशी होती. रोडगा गडप झाला.

"खाल्ला!" मनकर्णाबाई पदर सावरत ओरडल्या. "देवाच्या घोड्यानं नैवेद्य खाल्ला!"

मग काय विचारता! घराघरांतून रोडगे यायला लागले. सातवा रोडगा आत गेला आणि त्यासोबत सोनाजीची दाबून ठेवलेली शिंक बाहेर आली. घोडा शिंकला म्हटल्यावर दोन बायकांच्या अंगात आलं. ज्यांना अजून शंका होती, तेही टोप्या काढून पाया पडले. ट्रॅक्टरला कोण विचारतो? लोकांनी तो सोडवून बाजूला लावला, ट्रॉलीला दोर बांधले आणि दीडशे माणसं घोडा देवळाकडे ओढू लागली.

देवळाच्या मैदानापाशी मास्तरांना पहिल्यांदा बरं वाटलं. तोंडाशी लोखंडी कमान होती, व्यंकटरावांनी वडिलांच्या, आबांच्या नावानं उभारलेली, आणि घोड्याची मान तिच्यापेक्षा दीड हात उंच होती. आता हे थांबतील, लोक दर्शन घेऊन पांगतील आणि आपण हळूच मागून घोडा नेऊ, असा हिशेब त्यांनी मनात केला.

"कमान आडवी येऊन राहिली," भावसिंग म्हणाला.

सगळ्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "आबा असते तर त्यांनी सोताच्या हातानं काढली असती."

व्यंकटरावांचे डोळे भरून आले. "भावसिंग, पाना आण."

जी कमान बसवायला दोन महिने लागले होते, ती पंधरा मिनिटांत आडवी झाली. दोराला पुन्हा हात लागले. चढ होता, ट्रॉली एका बाजूला कलली, आणि आतून जळबाची "मेलो माय!" ही हाक मास्तरांना स्पष्ट ऐकू आली.

आता मात्र मास्तरांचं काळीज फाटलं. ढाल गेली, नाटक गेलं, येऊ दे तो ऑर्केस्ट्रा! पण माणसं चेंगरली तर? ते धावत जाऊन ट्रॉलीपुढं आडवे झाले. "थांबा! पाया पडतो तुमच्या! हा देवाचा घोडा न्हाई! आत माणसं हायेत! ओढू नका, घात होईल!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

लोक त्यांच्याकडे बघून हसले.

"मास्तरायला नाटकाचं टेन्शन आलंय," व्यंकटराव मायेनं म्हणाले. "पाणी पाजा त्यांना, बाजूला घ्या."

दोघांनी मास्तरांना उचलून पानटपरीच्या बाकावर नेऊन बसवलं. बाकावर एक चष्मेवाली बाई आणि खांद्याला झोळी लावलेले एक गृहस्थ वहीत भराभर काहीतरी लिहीत होते. आरोग्य खात्याची माणसं असावीत. आता त्यांची गरज लागणारच, असा विचार मास्तरांच्या मनात आला.

घोडा मैदानात शिरला आणि रंगमंचावरच्या ट्रॉयच्या कापडी तटासमोर उभा राहिला. आरती झाली. शेवटचा येळकोट झाला, भंडाऱ्याचा अख्खा ढग उठला, आणि सोनाजीनं तासाभराची सगळी उधारी एका शिंकेत फेडली. कडी उडाली. दरवाजा उघडला. पाच ग्रीक वीर डोक्यापासून पायापर्यंत पिवळेधमक होऊन एकावर एक खाली पडले. जळबाच्या हातात अर्धा रोडगा होता.

मैदानातली गर्दी दोन पावलं मागं सरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पण बुद्धभूषण हाडाचा नट. तो उठला, समोर हजार माणसं बघितली, मागं पडलेली कमान बघितली, आणि त्यानं तलवार उपसली. पाठ केलेले संवाद विसरून तो पोटातून गरजला, "ट्रॉयच्या लोकांनो! दहा वर्सं तुमच्या तटावर डोकं आपटून राहिलो, एक इट हालली न्हाई! आज तुमीच तुमची कमान पाडली, आन् तुमच्या हातानं आमाला आत ओढून आणलं!"

मग गर्दीच्या मधोमध मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला.

"अरं, फसलो की गा आपण!"

आधी एक बाई हसली. मग म्हातारे हसले. मग असं हसू फुटलं की देवळावरची कबुतरं उडाली. व्यंकटरावांनी हातातल्या नटबोल्टांकडे पाहिलं, पडलेल्या कमानीकडे पाहिलं, आणि ते मटकन खाली बसून पोट धरून हसू लागले. ट्रॉयची फौज झालेली माणसं तटावरून उड्या मारून आली, लढाई जुंपली, आणि गाव जागचं हललं नाही. ग्रीक जिंकायला लागले तेव्हा दोन म्हातारे काठ्या घेऊन ट्रॉयच्या बाजूनं मैदानात उतरले. त्यांना आवरताना बुद्धभूषण दमला.

नाटक संपलं आणि पानटपरीवरची चष्मेवाली बाई मंचावर चढली.

"आम्ही तीस गावं पाहिली," ती म्हणाली. "प्रेक्षकांनाच ट्रॉयची जनता करणारं, रस्त्यावरून सुरू होणारं, खरीखुरी कमान पाडणारं नाटक आम्ही आयुष्यात पाहिलं नाही. ढाल या गावाची. आणि अभिनयाचं पहिलं बक्षीस ग्रीक कथेतल्या त्या पुजाऱ्याला, जो घोड्याबद्दल खरं सांगतो आणि ज्याचं कुणी ऐकत नाही. काय ते डोळ्यांतलं पाणी! कुठं आहेत भागवत मास्तर?"

मास्तरांना खांद्यावर घेऊन नाचवलं गेलं. एकवीस वर्षांनी ढाल त्यांच्या हक्कानं छातीशी आली होती आणि ते पुन्हा रडत होते. "ऑर्केस्ट्रा गेला चुलीत!" व्यंकटराव माईकवरून ओरडले. "आन् कमान हाय तिथंच पडू द्या. पुढच्या साली पुन्हा लागंल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ढाल घेऊन शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये गेले. रात्रभर एकच गोष्ट त्यांना टोचत होती.

"मनकर्णाबाई, माफी मागायला आलो. तुमी श्रद्धेनं भंडारा टाकला, नैवेद्य दिला. माझ्यापायी तुमची फसवणूक झाली."

मनकर्णाबाई खिचडी हलवत होत्या. "मास्तर, महिनाभर तालमीला चहा कोन देऊन राहिलं होतं?"

मास्तरांनी ढाल या काखेतून त्या काखेत घेतली.

"रोडगा घ्यायला घोड्यानं हात बाहेर काढला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मनगटाला बुद्धभूषणचं घड्याळ! पदर आडवा धरला म्हणून बरं, न्हाई तर तिथंच बोंब झाली असती."

"पण... पण देवाच्या नावानं?"

"देवाला तिथंच, हात जोडताना इचारलं व्हतं. म्हणलं, तुला घोड्याची हौस, गावाला ढालीची. राग आला असता तर कमान कोनाच्या डोक्यात पाडली नसती का त्यानं?"

"पण बाई, काहून केलं हे?"

"तुमीच म्हणले ना, लोकायला पटलं पाहिजे. आन् त्या देवीचं काम तुमी काढून टाकलं. मंग ते कोन्ही तरी करावं लागंल का न्हाई?"

मास्तरांनी ढाल खाली ठेवली आणि वाकून त्यांना नमस्कार केला. मनकर्णाबाईंनी उलथनं पातेल्याच्या काठावर दोनदा आपटलं.

"ऱ्हाऊ द्या ते. पुढच्या साली मला संवाद लिहून द्या फक्त. औंदा सगळे सोताच्या मनानं बोलावे लागले."